खिंडीपलीकडचा माणूस

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! बस खालच्या गावात सोडते आणि तिथून पुढे आपले पाय. सामान म्हणजे एक सॅक आणि दोरांची पिशवी. पण त्या पिशवीने खांदा असा सोलून काढला की वर येईपर्यंत दोर शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता माझा.

ताई दारातच उभी होती. तिच्या लग्नानंतर आम्ही अशा निवांत भेटलोच नव्हतो. तिने मिठी मारली ती सोडेचना. शेवटी मीच म्हटलं, अगं बाई, फासळ्या मोजतेस का माझ्या? तेव्हा कुठे हसली.

घर छान आहे. घर म्हणजे डोंगरावर येणाऱ्यांसाठीचं दगडी विश्रामगृह. भावोजी ते चालवतात, स्वयंपाक ताईकडे. खाली लांबलचक टेबलाची जेवणाची खोली, दाराशी बूट ठेवायच्या फळ्या, कोपऱ्यात ओले कपडे वाळवायची लोखंडी शेगडी. वर ओळीने खाटा, गाद्यांच्या वळकट्या करून ठेवलेल्या. हंगाम सुरू व्हायचा आहे म्हणून सगळं रिकामं. मला माळ्यावरची खोली दिली आहे. छप्पर इतकं उतरतं की उठताना डोकं आपटणार हे नक्की. आत्ताच आपटलं.

खिडकीतून ती धार दिसते. घरामागून निघते आणि आकाश कापत पार दुसऱ्या डोंगरापर्यंत जाते. लोक त्या धारेवरून चालायला येतात, आणि हाताला आधार म्हणून तिथे बोल्ट ठोकून साखळी बसवलेली आहे. थंडीत ती उखडते. ती नीट करायचं माझं काम. शहरात उंच इमारतींच्या काचा पुसत दोरावर लोंबकळण्यात माझी उमर गेली. सगळे मला पाल म्हणायचे. त्या कामाला कंटाळलेच होते, आणि नेमका ताईचा फोन आला. आधीचा माणूस काम अर्धवट टाकून गेला, असं भावोजी म्हणाले. त्याचं बरं-वाईट ते जाणोत, माझं चांगभलं झालं.

४ तारीख, मंगळवार

आज भावोजींनी धार दाखवली. दाखवली म्हणजे चौथऱ्यापर्यंत आले आणि तिथून बोटाने दाखवली.

चौथरा म्हणजे घरामागचा सपाट रुंद खडक. तिथून आपलं छप्पर दिसतं, धुराडं दिसतं. साखळी तिथेच सुरू होते. पुढे लगेच अरुंद पट्टा लागतो, आणि मग कळतं की धार म्हणतात ती उगाच नाही. काही ठिकाणी माथा बाकाएवढा रुंद, काही ठिकाणी घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय सोडून सरकायचं. डावीकडे घसरडी उतरण, पाय ठेवला की दगड खळाळत खाली जातात आणि त्यांचा आवाज बराच वेळ येत राहतो. उजवीकडे कडा. तिथून दगड टाकला तर आवाजच येत नाही. मधे काही सुळके आहेत, ते हातापायांनी चढून ओलांडायचे. खडक करवतीसारखा. दिवसभरात हातमोज्यांची बोटं फाटली.

पण काय मजा आली! काचेच्या इमारतीवर माणूस कितीही उंच असला तरी समोर कुणाचं तरी ऑफिस असतं. इथे समोर काही नाही. 

भावोजींनी बजावलं की धारेच्या मधोमध खिंड आहे, तिथपर्यंतच आपलं काम. पलीकडचं तिकडच्या विश्रामगृहाचे बघतील. तिकडे कुणी दिसलं तर हाक मारायची नाही, हात करायचा नाही. मी विचारलं, का हो, भांडण आहे का तुमचं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलंय. मग पाठ फिरवून निघून गेले. मी यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे. मला बोलावलं यांनीच ना?

६ तारीख, गुरुवार

कामाला वेग आला आहे. जुना बोल्ट हलवून बघायचा, हलला तर काढायचा, नवा बसवायचा, साखळी ताणून घ्यायची.

दुपारी पलीकडचा माणूस दिसला. खिंडीच्या बराच पुढे, शेवटच्या सुळक्याच्या पायथ्याशी. लाल हेल्मेट. तोही बोल्टच ठोकत होता. हातोडा खाली आला की आवाज जरा उशिराने यायचा, तेवढा लांब होता तो.

आता खरं सांगते, मी हात केला. आमच्या कामात सवयच असते ती, समोरच्या इमारतीवर कुणी लटकत असलं की हात करायचा. दिवसभर दुसरं माणूस नसतं बोलायला. त्याने हातोडा थांबवला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्यानेही हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. मी परत कामाला लागले, मान वर केली, तरी हात वरच.

संध्याकाळी गंमत म्हणून सांगितलं. भावोजी ताटावरून उठले आणि बाहेर गेले. ताईने विचारलं, त्याने आधी केला की तू? मी म्हटलं मी. तर ती शेगडीकडे तोंड करून उभी राहिली आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इतकं?

८ तारीख, शनिवार

काहीतरी माझंच चुकतंय. अरुंद पट्ट्यावर मी परवा बसवलेले बोल्ट आज जागेवर नाहीत. म्हणजे आहेत, पक्के आहेत, पण माथ्यावर नाहीत. वीतभर उजवीकडे सरकलेत, कड्याच्या बाजूला. आणि साखळी त्यांच्यातून ओवलेली, व्यवस्थित ताणलेली.

मी असे बसवणार नाही. दारू प्यालेला माणूससुद्धा असे बसवणार नाही. धुक्यात कुणी साखळीला हात लावून चालत गेला, तर ती त्याला हळूहळू कड्याकडे घेऊन जाईल.

भोकं पण जुनी दिसतात. आत शेवाळ आहे.

सगळे काढून परत माथ्यावर बसवले. भावोजींना सांगायला गेले तर म्हणाले, काम जमत नसेल तर तसं सांग, कारणं सांगू नकोस. ताई मधे पडेल असं वाटलं होतं. पडली नाही.

पलीकडचा माणूस आज खिंडीच्या जवळ होता. त्याला दोर नाही. कमरेला हार्नेसचा पट्टा नाही. त्या करवतीवर तो नुसता चालतो, आपण ओसरीत चालतो तसा.

१० तारीख, सोमवार

बोल्ट संपले म्हणून खालच्या गावात गेले. एकच रस्ता, दोन्हीकडे दुकानं. मी चालत गेले तशी दारातली माणसं आत गेली. एका बाईने आपल्या पोरीचं तोंड हाताने दुसरीकडे वळवलं. मी स्वतःचा वास घेऊन बघितला, हसायची गोष्ट नाही, खरंच बघितला.

हार्डवेअरवाल्याने काउंटरवरून हात न उचलताच सांगितलं, बोल्ट नाहीत. मागे खोका दिसत होता. मी बोट दाखवलं. तर म्हणाला, "त्या घरासाठी नाहीत. तुमच्या बहिणीला सांगा, दर वेळी दुसऱ्याच्या घरातलं माणूस नेऊन घालायचं हे बरं नव्हे. आमचा सुतार नेला, पोचला का परत?"

मला काही समजेना. मी म्हटलं, मला भांडणं नकोत, पलीकडच्या विश्रामगृहातल्या माणसाकडून मागून घेईन बोल्ट. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, म्हातारा बसड्रायव्हर. तो हळूच म्हणाला की पलीकडे विश्रामगृह नाही. जळून गेलं त्याला बरीच वर्षं झाली. तिकडून धारेवर चढायला वाटच उरलेली नाही.

मी म्हटलं, लाल हेल्मेटवाला आहे ना तिकडे.

दुकानदाराने खोका काढला आणि माझ्यापुढे ढकलला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, घ्या आणि जा, आणि परत दुकानात येऊ नका.

येताना पूर्ण चढ मी स्वतःशी भांडत आले. घर दिसलं तेव्हा धारेवरून ठक ठक चालूच होती. आणि आता आवाज उशिराने येत नव्हता.

११ तारीख, मंगळवार

आज धारेवर गेले नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ताईला धारेवर धरलं. हा शब्द आता लिहवत नाही.

ती बटाटे सोलत होती. आधी उडवाउडवी केली. मी म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मग सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

तो लाल हेल्मेटवाला म्हणजे भावोजींचा धाकटा भाऊ. गेल्या हंगामात साखळी बसवताना कड्यावरून गेला. भावोजी साखळीचं एक टोक धरून होते, तो दुसरं. खाली शोधलं, मिळाला नाही. थोड्या दिवसांनी पलीकडच्या टोकाकडून हातोड्याचा आवाज यायला लागला. रोज थोडा जवळ. मग एका दुपारी तो मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसला.

"रक्त नाही, काही नाही गं," ताई म्हणाली. "नुसता बसलेला. म्हणाला, दादा, एकट्याने होत नाही. टोक धरायला कुणीतरी पाहिजे. आणि हे उठले. बूट घालायला लागले, निमूट. मी दाराला कडी घातली आणि यांच्या पायांना धरून बसले."

दुसऱ्या दिवशी तिने खालच्या गावातल्या सुताराला साखळीच्या कामावर बोलावलं. सुतार गेला आणि परत आला नाही. आवाज थांबला. सगळी थंडी शांततेत गेली. बर्फ वितळलं तसा पुन्हा सुरू झाला. खालचं कुणी यायला तयार होईना.

मी विचारलं, मग माझी आठवण झाली?

ती म्हणाली, "तू दोरावर पक्की आहेस. मला वाटलं, तू एकटी अशी आहेस की परत येशील. खरंच वाटलं मला." मग म्हणाली, "नाही. असं मी मनाला सांगितलं. यांना जाऊ द्यायचं नव्हतं मला. एवढंच."

मला ओरडायचं होतं. आई गेल्यावर हिने मला वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, स्वतः उपाशी राहून मला शाळेत पाठवलं. हिनेच. मी तिच्या समोरचे बटाटे उचलले आणि सोलायला लागले. दोघी सोलत बसलो. ठक. ठक. ताईने माझ्या हाताला हात लावला तो मी झटकून टाकला.

उद्या उजाडताच निघणार. वाट धुक्याने भरली आहे, आज उतरणं शक्य नाही. हात केला मी. त्याला दिसले आहे मी.

१२, सकाळ

ताई नाही.

अंथरूण थंड आहे. फळीवर तिचे बूट नाहीत. माझं लाल जाकीट खुंटीवर नाही.

भावोजी जेवणाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेत. कानात कापसाचे बोळे. मी बोळे उपटून काढले, हलवलं त्यांना. म्हणाले, ती गेली. तुझ्याऐवजी. मी म्हटलं, उठा, चला! तर म्हणाले, "मला दिसला तर मी त्याच्याबरोबर जाईन. तिला ते माहीत आहे. त्याला कुणीतरी एक हवंय. तुम्ही दोघी बघा काय ते."

मी बाहेर पडले. मागे कडी लागली. ऐकलं मी.

खाली जायची वाट समोर आहे. मी कुठे जाते आहे हे मला माहीत आहे. दोर, हार्नेस, सुरी, ही वही. चालले.

१२, धारेवर

सापडली. जिवंत आहे!!

अरुंद पट्ट्याच्या शेवटी, दोन्हीकडे पाय सोडून बसली होती, खडकाला मिठी मारून. पुढे जाता येईना, मागे येता येईना. आयुष्यात कधी चौथऱ्यापुढे गेलेली नाही ती. हात रक्ताने भरलेले. मला बघून म्हणाली, तू कशाला आलीस, मूर्खा. मी तिला एक थोबाडीत दिली. मग आम्ही दोघी रडलो.

धुकं एवढं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. ठोकण्याचा आवाज नाही. कुठेच नाही.

माझा हार्नेस तिला चढवला. दोराचं एक टोक तिला, एक माझ्या कमरेला. दोघींनी एकदम चालणं बरं नाही, एक घसरली की दुसरीही. इथून चौथऱ्यापर्यंत दोर पुरतो. तिला सांगितलं, साखळीला हातसुद्धा लावू नकोस, माथा सोडू नकोस, बसून सरक. चौथऱ्यावर पोचलीस की तीन हिसके दे, मग मी निघते.

गेली. मी बोल्टला स्वतःला अडकवून बसले आहे. एका हाताने दोर सोडते, दुसऱ्याने लिहिते. लिहिलं की दोर घाईने सुटत नाही.

दोर जातो आहे. हळूहळू. बरोबर जातो आहे.

थांबला.

परत चालला. शाबास, ताई.

—

तीन हिसके. पोचली!

हाक पण आली. "ये गं, पोचले मी. ये."

उठते. आधी हे बोल्टवरचं सोडून —

—

परत हाक. ताईची.

पण खिंडीकडून. मागून, जरा खालून. रडते आहे. म्हणते, "जाऊ नकोस तिकडे. तिकडे मी नाही. साखळीने फिरवलं मला, दोर कधी सुटला कळलंच नाही. हात लावला नव्हता गं, तीच पायाखाली आली —"

चौथऱ्याकडून: "ये गं, पोचले मी. ये."

दोन्ही ताई.

ओरडून विचारलं. बाबा संतापले की आपण कुठे लपायचो?

चौथऱ्याकडे शांत. मग — "ये गं, पोचले मी. ये." तसंच. त्याच चालीत. एक श्वाससुद्धा वेगळा नाही.

खिंडीकडून: "कपड्यांच्या कपाटात. तू माझ्या मांडीवर झोपून जायचीस. मी तुझं नाक दाबून धरायचे, घोरू नयेस म्हणून."

ताई तिथे आहे. खाली.

मग दोराला पलीकडून बांधलेलं —

—

दोर ताणला जातोय. कमरेत रुततोय. हिसका नाही, ओढ. एकसारखी. कुणीतरी दोन्ही हातांनी गोळा करतंय.

बोल्ट हलला. माझाच बोल्ट. मी बसवलेला.

गाठ ओली, सुटत नाही. सुरी —

कापला. बोल्टवरचंही सोडलं.

आता कशालाच बांधलेली नाही मी.

ताई म्हणते, तिच्या डोक्यावर कपार आहे, तिथे हात टाक. लाल दिसतंय काहीतरी धुक्यात. जाकीट. माझं जाकीट. की —

जाकीटच. बाही दिसते आहे.

मागून पावलं. घाई नाही त्यांना.

ताई, तिथेच धरून राहा. हलू नकोस. बोल माझ्याशी, बोलत राहा, आवाज सोडू नकोस. मी आले, एवढा पाय फक्त खाली